चौथऱ्याखालचं टेबल

आमच्या ताईचं नाव निघालं की लोक आधी तिच्या पहिल्या दिवसाबद्दल विचारतात. शहराच्या कोर्टात पहिल्यांदा एक बाई न्यायाधीश म्हणून खुर्चीवर बसली, तेव्हा तिला काय वाटलं, वगैरे. ताई दरवेळी काहीतरी भारदस्त सांगते. खरं काय ते मी सांगते. आपण गाऊनमध्ये पाय अडकून तोंडावर पडणार, एवढंच तिला वाटत होतं.

तो गाऊन मी शिवलेला नव्हता, हे आधीच स्पष्ट करते. कोर्टाच्या कपड्यांचं दुकान एकच होतं आणि तिथली सगळी मापं पुरुषांची. खांदे दंडावर उतरलेले, बाह्या बोटांच्या पुढे, आणि घेर असा की त्यात मीही मावले असते. माझं शिवणकामाचं दुकान तेव्हा नवं होतं आणि हात शिवशिवत होते. मी म्हटलं, "दे इकडे, आत्ता उसवून नीट करते." ताई म्हणाली, "उद्या कर. आज उशीर झाला तर म्हणतील, बाई नटत बसली होती." आणि गेली तशीच, दोन्ही हातांनी घोळ उचलून, चिखलातून चालल्यासारखी.

ताई अशीच. एकदा ठरवलं की ठरवलं. लहानपणी आमचे काका घरी यायचे आणि दादांना, म्हणजे आमच्या वडिलांना विचारायचे, "मग, मोठीचं काय करायचं ठरवलंय?" दादा बसच्या डेपोत गाड्यांच्या वेळा लिहायचे, मुळात कमी बोलायचे. ते तोंड उघडायच्या आत आतल्या खोलीतून आवाज यायचा, "मोठी वकील व्हायचं म्हणतेय." काकांना ऐकू यायचं, पण ते न ऐकल्यासारखं करून पुन्हा दादांकडेच बघायचे. मग दादा शांतपणे म्हणायचे, "ती वकील व्हायचं म्हणतेय." तेव्हा कुठे काकांच्या कानात ते शिरायचं आणि ते चहा ठेवून वाद घालायला लागायचे. हा प्रकार इतक्या वेळा झाला की मला वाटायचं, काकांचे कान फक्त पुरुषांच्या आवाजासाठी बनवलेत.

ती वकील झाली. ऑफिसात पक्षकार यायचे, खुर्चीत बसलेल्या ताईला विचारायचे, "वकीलसाहेब कधी येतील?" ताई म्हणायची, "आलेत. बसा." मग न्यायाधीशाची परीक्षा दिली, पास झाली. तोवर तिचं लग्न झालं होतं. आमचे भावोजी शाळेत गणित शिकवायचे आणि घरी उत्तम स्वयंपाक करायचे. दोन्ही ठिकाणी पायरी चुकू द्यायची नाही, हा त्यांचा खाक्या. ताईची नेमणूक झाल्यावर शेजारच्या एकांनी त्यांना विचारलं, "आता घरातले निकाल कोण देणार?" भावोजी म्हणाले, "तेच जे आधी देत होते. आता फक्त पगार मिळणार."

पण ती अजून कायम झालेली नव्हती. सुरुवातीचा काळ प्रोबेशनचा. तो संपला की कोर्टाचे मुख्य न्यायाधीश, ज्यांना सगळे 'मोठे साहेब' म्हणायचे, ते वर अहवाल पाठवणार. अहवाल बरा असेल तर खुर्ची पक्की, नसेल तर घरी. तिच्याबरोबर लागलेल्या पुरुषांनाही हाच नियम होता, पण त्यांच्यातला एक घरी गेला असता तर एक माणूस घरी गेला असता. ताई गेली असती तर सगळ्या बायका घरी गेल्या असत्या. 'बघितलं ना करून?' असं म्हणायला निम्मं शहर टपून बसलं होतं.

आता तिथली एक पद्धत सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यामुळेच झालं.

त्या कोर्टात साक्षीला एखादी बाई आली की तिच्याबरोबर घरचा कुणीतरी पुरुष पिंजऱ्याला लागून उभा राहायचा. नवरा, भाऊ, मुलगा, कुणीही. वकील प्रश्न विचारायचा बाईला, ती मान खाली घालायची, आणि उत्तर द्यायचा तो. न्यायाधीश ते उत्तर टंकलेखकाला सांगायचे, आणि कागदावर उमटायचं, 'मी सांगते की...' जणू बाईच घडाघडा बोलली. बाई आणि पुरुष दोघंही गप्प राहिले तर 'हे खरे आहे' असं टाइप करून पुढे जायचं. यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. उलट बायकांवर उपकार केल्याचं समाधान होतं, की बघा, आम्ही त्यांना बोलायची तोशीस देत नाही.

ताईने पहिल्याच आठवड्यात एका नवऱ्याला पिंजऱ्यापासून हलवून बाहेरच्या बाकावर बसवलं. कोर्टाचे नाझर, म्हणजे खुर्च्याटेबलांपासून शिपायांपर्यंत सगळा कारभार बघणारे गृहस्थ, मधल्या सुट्टीत तिच्या खोलीत आले. म्हातारे, अदबशीर, केस तेल लावून चोपून बसवलेले. म्हणाले, "बाईसाहेब, राग मानू नका, पण इथं पहिल्यापासून असंच आहे."

"काय असंच आहे?"

"हेच. घरचं माणूस बाजूला असतं."

"घरचं माणूस बाहेर बसेल. चहा द्या त्याला," ताई म्हणाली.

बऱ्याचशा बायका चाचरत का होईना बोलल्या. ताई खूश होती. आणि मग ती आजी आली.

दावा आजीच्या नावाने होता आणि तिच्या स्वतःच्या मुलीविरुद्ध होता. आजीच्या मालकीचं छोटं घर. नवऱ्याने टाकल्यावर मुलगी तिथे परत आली होती आणि पुढच्या खोलीत इस्त्रीचं दुकान चालवत होती. दाव्यात म्हटलं होतं की मुलगी जबरदस्तीने घुसली आहे, आईला ती घरात नको आहे, तिला बाहेर काढा. हे सगळं कोर्टात सांगत होता आजीचा मुलगा. इस्त्री केलेला शर्ट घालून. ती इस्त्री कुणी केली असेल याचा विचार करून माझं आजही डोकं फिरतं. मुलीचं म्हणणं एवढंच होतं, "आई असं म्हणणारच नाही. तिला विचारा."

मुलाच्या बाजूला एक नावाजलेले वकील होते. प्रत्येक प्रश्नाच्या आधी दोनदा खोकायचे, म्हणून आम्ही घरात त्यांना खोकलेवकील म्हणायचो. ते म्हणाले, "आई वयस्कर आहेत, बुजऱ्या आहेत. त्यांच्या वतीने चिरंजीव सांगतील. नेहमीप्रमाणे."

ताईने चिरंजीवांना बाहेर बसवलं आणि आजीला पिंजऱ्यात बोलावलं.

आजी आली. कठड्याला धरून उभी राहिली. ताईने विचारलं, "मुलीला घरातून काढावं असं तुमचं म्हणणं आहे का?" आजी गप्प. ताईला वाटलं ऐकू आलं नसेल, म्हणून मोठ्याने विचारलं. आजी आणखी आक्रसली. मग ताई चौथऱ्यावरून, त्या उंच खुर्चीतून, खणखणीत आवाजात म्हणाली, "घाबरू नका!" मागच्या बाकावर कुणीतरी फिसकन हसलं. आजीच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

खोकलेवकील उठले, खोकले. "गप्प आहेत म्हणजे मान्य आहे, असं टाइप व्हावं. इथली पद्धत तशीच आहे."

ताईने टंकलेखकाला सांगितलं, "लिहा, साक्षीदार काही बोलली नाही." आणि पुढची तारीख दिली.

पुढच्या तारखेला पुन्हा तेच. प्रश्न, शांतता, रडणं. आता वकिलांच्या खोलीत चेष्टा सुरू झाली. बाईंनी बोलत्या माणसाला बाहेर बसवलं आणि मुक्या बाईला आत उभं केलं, आता दावा म्हातारीबरोबरच संपणार. ही चेष्टा फिरत फिरत माझ्या दुकानात आली. एका वकिलाची बायको मापं देता देता मोठ्या चवीने सांगत होती. मी तिच्या कमरेचं माप मोठ्याने, सगळ्या दुकानाला ऐकू जाईल असं म्हणून दाखवलं. तेवढंच माझ्या हातात होतं.

त्या संध्याकाळी ताई जेवली नाही. म्हणाली, "मुलगा शेजारी होता तेव्हा ती निदान रडत तरी नव्हती. मी तिला मोकळं करायला गेले आणि तिचं तोंड अजूनच बंद केलं." ताईला इतकं हरलेलं मी त्याआधी बघितलं नव्हतं. मला रडू यायला लागलं, म्हणून मी भावोजींवर विनाकारण खेकसले की आमटीत मीठ जास्त झालंय. त्यांनी माझी आमटीची वाटी स्वतःपुढे ओढून घेतली.

नंतर एकदा मी गाऊनचा उसवलेला काठ शिवून तो द्यायला कोर्टात गेले. कामकाज संपलं होतं, वकील पांगले होते. दार लोटून आत बघते तर ताई साक्षीदाराच्या पिंजऱ्यात उभी. एकटीच. कठड्याला धरून.

"काय ग, काय केलंस?" मी विचारलं.

"बरी आलीस. वर जा. माझ्या खुर्चीत बस."

"मी? कुणी बघितलं तर?"

"बस म्हणते ना."

मी चौथऱ्याच्या पायऱ्या चढून त्या खुर्चीत बसले. पाय जमिनीला टेकेनात. खरं सांगू, बरं वाटलं. वरून सगळं लहान दिसतं, माणसाला उगीच आपण शहाणे आहोत असं वाटायला लागतं.

"विचार मला काहीतरी," ताई म्हणाली.

"माझी निळी छत्री घेऊन गेलीस ती कुठे हरवलीस?"

ताई हसली नाही. डोळे बारीक करून बघत होती. "पुन्हा विचार." मी पुन्हा विचारलं. "मला तुझं तोंड दिसत नाही," ती म्हणाली. माझ्या पाठीमागे मोठी खिडकी होती आणि तिच्यातून उन्हाची तिरीप सरळ पिंजऱ्यावर येत होती. "नुसता काळा आकार दिसतोय. उंचावर. आणि त्यातून आवाज येतोय. आणि ह्या बाजूला बघ, वकिलांच्या सगळ्या खुर्च्या माझ्याकडे तोंड करून. मी जिची सख्खी बहीण, तिच्यासमोर उभी आहे आणि माझे हात घामेजलेत."

ती पिंजऱ्यातून उतरली आणि मधल्या मोकळ्या जागेत पावलं टाकून अंतर बघायला लागली. तिने काय ठरवलंय ते मला तेव्हाच कळायला हवं होतं, पण माझं लक्ष खुर्चीच्या गादीकडे होतं. कापड अगदी हलकं वापरलेलं होतं.

पुढच्या तारखेला सकाळी तिने नाझरांना बोलावून सांगितलं, "माझं टेबल आणि खुर्ची खाली घ्या. पिंजऱ्याशेजारी. खिडकीला पडदा लावा. वकिलांच्या खुर्च्या मागे सरकवा."

नाझरांचा चेहरा पडला. "बाईसाहेब, कोर्ट चौथऱ्यावर बसतं. इथं पहिल्यापासून असंच आहे."

"आज खाली बसेल."

"लेखी हुकुमाशिवाय शिपाई हात लावणार नाहीत."

ताईने गाऊनच्या बाह्या वर सारल्या, खुर्ची उचलली आणि पायऱ्या उतरायला लागली. न्यायाधीशाच्या हातात खुर्ची बघून शिपायांना लाज वाटली असेल किंवा भीती, पण दोघं धावले आणि टेबल खाली आलं. त्या दिवशी दुकान बंद ठेवून मी मागच्या बाकावर बसले होते. आजीची तारीख होती ना.

पण आजीची साक्ष त्या दिवशी झालीच नाही. खोकलेवकील उठले, खोकले आणि म्हणाले, "कोर्ट त्याच्या जागेवर नाही, त्यामुळे माझ्या मते कोर्ट बसलेलंच नाही." एवढं बोलून ते बाहेर पडले, आणि त्यांच्या मागोमाग बहुतेक सगळे. तक्रार त्याच दुपारी मोठ्या साहेबांच्या टेबलावर पोचली.

मोठ्या साहेबांनी ताईला बोलावलं. तिथे मी नव्हते, पण ताईने मला शब्द न् शब्द सांगितलंय आणि ताई साक्ष फिरवणारी नाही. साहेब तसे वाईट नव्हते. त्यांनी तिला बसायला सांगितलं, पाणी मागवलं. म्हणाले, "तुमचं प्रोबेशन संपत आलंय. अहवाल मला लिहायचाय. कामात तुम्ही चोख आहात, मला चांगलं लिहायची इच्छा आहे. टेबल वर न्या. आणि त्या म्हातारीच्या मुलाला बोलू द्या. विषय मिटवा."

ताई म्हणाली, "साहेब, असा हुकूम मला लेखी द्याल?"

"हुकूम नाही हा. सल्ला आहे."

"मग माझं कोर्ट मी चालवते."

"बाई, हट्टाने खुर्ची जाते."

"खुर्ची मी स्वतःच खाली आणली आहे, साहेब," ताई म्हणाली, आणि नमस्कार करून उठली.

हे घरी सांगितलं तेव्हा मी कपाळावर हात मारला. म्हटलं, "अग, थोडी थांब ना! महिन्याचा तर प्रश्न आहे. एकदा कायम झालीस की ते टेबल गच्चीवर नेऊन ठेव, कोण विचारतंय? इतकी वर्षं घासलीस ती एका टेबलापायी घालवणार?"

"कायम झाल्यावर करू असं म्हणणारे कायम होतात ग," ती म्हणाली, "मग करत नाहीत. आणि आजीची तारीख कायम झाल्यावर नाहीये. आत्ता आहे."

मी भावोजींकडे बघितलं, म्हटलं तुम्ही तरी सांगा. ते भाजी निवडत होते. म्हणाले, "माझा पगार आहे. दोघांचं भागेल." तेवढंच बोलले. त्या माणसाला मी आयुष्यात खूप बोलले, पण त्या वाक्यासाठी सगळं माफ.

पुन्हा तारीख आली. टेबल खालीच. या वेळी खोकलेवकील बाहेर गेले नाहीत, कारण गेले तर त्यांच्या मागे निकाल लागेल, असं ताईने आधीच बजावलं होतं. मुलगा बाहेर बाकावर. मुलगी कोपऱ्यात, ओठ दाताखाली धरून.

आजी पिंजऱ्यात आली. आता ताईचं टेबल तिच्यापासून हातभर अंतरावर होतं. दोघींची तोंडं एका पातळीवर. ताईने तिला बसायला स्टूल दिलं.

"कशाने आलात आज?" ताईने विचारलं. घरात विचारतो तशा आवाजात.

आजीने तिच्याकडे बघितलं. बराच वेळ बघितलं. "बसनं," ती म्हणाली.

टंकलेखकाचे हात यंत्रावर तसेच थांबले. तो शब्द ऐकल्यावर मला मागच्या बाकावर उभं राहावंसं वाटलं.

"गर्दी होती?"

"होती. पण एका बाईनं जागा दिली."

"मुलगी कुठे आहे तुमची?"

"ती काय, तिथं. उपाशी आली असणार."

"ती तुमच्या घरात राहते, दुकान चालवते. ती तुम्हाला घरात नकोय का?"

आजी गप्प झाली. खोकलेवकील उठायला लागले, ताईने त्यांच्याकडे न बघता तळहात वर केला. तिने प्रश्न पुन्हा विचारला नाही. आवाज चढवला नाही. घाबरू नका म्हणाली नाही. नुसती बसून राहिली, चहा होईपर्यंत बसतो तशी. शांतता इतकी लांबली की कुणाच्या तरी खुर्चीचं करकरणं मोठं वाटलं.

"तिला घालवायचं मी कधी म्हटलं?" आजी म्हणाली. "ती गेली तर मी कुणाजवळ राहू? त्याला घर विकायचंय. मला म्हणाला कौलं बदलायचीत, सही कर. मी केली." मग थोडं थांबून म्हणाली, "मला कुणी विचारलंच नाही, बाई."

"मी आधी दोनदा विचारलं होतं तुम्हाला," ताई म्हणाली.

"विचारलं असेल. मला वाटलं, तुम्ही रागावताय."

कोपऱ्यात मुलगी हमसून हमसून रडायला लागली. ताईने टंकलेखकाला सांगितलं, "प्रश्न आणि उत्तरं जशीच्या तशी लिहा. मी रागावतेय असं आजींना वाटलं, तेही." तिचा आवाज घट्ट होता, पण पेनचं टोपण तिने दोनदा चुकीच्या टोकाला लावलं. ते फक्त मला दिसलं, कारण त्या बाहीची शिवण माझी होती आणि माझं लक्ष तिथेच असायचं.

दावा फेटाळला गेला. आजी आणि तिची मुलगी हात धरून जिना उतरल्या. मुलगा दुसऱ्या जिन्याने गेला.

आता गोष्ट इथे संपली असती तर मलाही आवडलं असतं. पण मोठ्या साहेबांचा अहवाल गेला. 'कामात चोख, स्वभावाने हट्टी.' ताईबरोबर लागलेले सगळे पुरुष कायम झाले आणि ताईचं प्रोबेशन एका वर्षाने वाढवलं. नापास झालेल्या पोरीला त्याच वर्गात बसवतात तसं. काका तेव्हा होते. ते दादांना म्हणाले, "मी म्हणत होतोच." दादा पहिल्यांदाच त्यांच्यावर ओरडले. "ती समोर बसलीय. काय म्हणायचंय ते तिला म्हण!" काका ताईकडे वळले. चहा प्यायले आणि गेले.

त्या वाढीव वर्षात टेबल वर न्यायला ताईला सांगणाऱ्यांची रीघ लागली. सगळे भल्यासाठीच सांगत होते, त्यामुळे त्यांना हाकलताही येईना. ताई ऐकून घ्यायची, होय म्हणायची, आणि सकाळी खालच्याच टेबलाशी जाऊन बसायची. तिला भीती वाटत नव्हती असं नाही. सकाळी निघताना दारातून दोनदा परत यायची, कधी पेन तर कधी रुमाल विसरला म्हणून. पण गेली रोज. हळूहळू वकिलांनाच ते सोयीचं वाटायला लागलं. साक्षीदार काय बोलतोय ते ऐकू यायचं, गुडघेदुखीवाल्यांना कागद द्यायला पायऱ्या चढाव्या लागत नव्हत्या. खोकलेवकील शेवटपर्यंत कुरकुरले, पण टेबलाच्या अगदी जवळची खुर्ची त्यांनीच पकडली होती.

वर्ष सरलं तोवर मोठे साहेब बदलून दुसरे आले होते. ते एकदा न सांगता मागच्या बाकावर येऊन बसले, एका घरकाम करणाऱ्या बाईची अख्खी साक्ष ऐकली आणि निघून गेले. ताई कायम झाली. त्या दिवशी मी तिला नवा गाऊन शिवून दिला, मी घेतलेल्या मापाने, माझ्या कापडाचा. खांद्याला असा बसला की ताई आरशासमोरून हलेना. मी म्हटलं, "आता कोण नटतंय?"

पुढे ती मोठी झाली, बदल्या झाल्या, स्वतःच कुठल्या कुठल्या कोर्टांची मोठी साहेब झाली. नव्या कोर्टात गेली की आधी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात जाऊन उभी राहायची, ही तिची सवय. निवृत्त झाली तेव्हा भाषणं झाली. सगळ्यांनी तिला 'पहिली' म्हटलं. टेबलाबद्दल कुणी अवाक्षर काढलं नाही आणि ताईनेही नाही.

मागच्या महिन्यात मला त्याच जुन्या कोर्टात जावं लागलं. माझ्या दुकानासमोर एका ट्रकने मागे येताना शेजाऱ्याची भिंत पाडली होती आणि मी ते बघितलं होतं. मला वाटलं, त्यात काय एवढं, मी तर गिऱ्हाइकांना दिवसभर बोलून दमवते. पिंजऱ्यात गेले आणि तोंडाला कोरड पडली. न्यायाधीश एक तरुण मुलगा होता, माझ्या निम्म्याहून कमी वयाचा असेल. हातभर अंतरावर, माझ्यासमोर बसलेला. त्याने विचारलं, "कशाने आलात, मावशी?" आणि मग थांबला. मी दम घेईपर्यंत थांबला.

त्याचं टेबल खाली होतं. खिडकीला पडदा होता. चौथऱ्यावर फायलींची कपाटं रांगेने उभी होती.

साक्ष झाल्यावर मी नाझरांच्या खोलीत गेले. आता तिथे एक चुणचुणीत बाई आहे. मी विचारलं, "न्यायाधीशांचं टेबल खाली कुणी आणलं हो?"

तिने माझ्याकडे नवलाने बघितलं. "कुणी म्हणजे? इथं पहिल्यापासून असंच आहे."

माझं टाळकं सरकलं. तिला तिथेच सगळं ऐकवणार होते, पण मागे माणसं उभी होती. बाहेर पडले ती तडक ताईकडे. ताई मटार सोलत होती, भावोजी शेजारी बसून दाणे खात होते. मी चप्पलही न काढता सुरुवात केली, की काय ही माणसं, एवढं सोसलंस, वर्ष गेलं तुझं, आणि तुझं नावही नाही कुणाला माहीत, भिंतीवर पाटी लावायला हवी, मी स्वतः जाऊन लावते.

ताईने हातातली शेंग खाली ठेवली. "काय म्हणाली ती?"

"अग, तेच. इथं पहिल्यापासून असंच आहे, म्हणाली!"

"अगदी असंच म्हणाली?"

"मग काय मी बनवून सांगतेय?"

ताई हसायला लागली. हसता हसता तिचे डोळे भरून आले, चष्मा काढून तिने पदराने पुसला. भावोजींनी मटारची टोपली स्वतःकडे ओढून घेतली. माझा राग कुठे गेला ते मला कळलं नाही. मी तिच्याजवळ जमिनीवर बसले.

"पुन्हा एकदा सांग," ताई म्हणाली, "तिच्या आवाजात." आणि मी पुन्हा सांगितलं.